मातीतल्या पैलवानानं जोडीला दुसरा खेळ कोणता धरावा?

तुझा प्रश्न असा: वय १७, वजन ६५ च्या आसपास, बेळगावजवळच्या खानापूरकडच्या तालमीत तीन वर्षं माती, मॅट फक्त शालेय स्पर्धांपुरती. आता स्पर्धेसाठी जोडीला कराटे, तायक्वांदो, वुशू, ज्युदो, एमएमए यांतलं काय धरू?

ज्युदो धर. कराटे-तायक्वांदोत तुझी तीन वर्षं जवळजवळ वाया जातात. ठोसा-लाथेचं अंतर ओळखायची नजर वेगळी, आणि समोरचा ती लहानपणापासून घोटत आलेला असतो. वुशूतला सांडा, म्हणजे त्यातला लढतीचा प्रकार, दुसऱ्या पसंतीचा. तिथं लाथ पकडून पाडता येतं, पाडून स्वतः उभा राहिलास तर गुण चांगले मिळतात. पण डोक्यावर मार खायची तयारी लागते, आणि घरच्यांची परवानगीही. एमएमए आत्ता नको.

ज्युदोच्या बाजूनं आणखी दोन गोष्टी आहेत. एक, शिकायला लांब जायला नको. बेळगावात क्रीडा खात्याचं केंद्र आहे. तुरमुरीची मलप्रभा जाधव बेळगावच्याच ज्युदोतली. तिनं २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या मध्य आशियाई कुस्तीप्रकारात ५२ किलो गटात कांस्य मिळवलं. कुराशला खाली पडल्यावरची झटापट नसते, उभ्यानंच फेकायचं. ज्युदो अंगात मुरला की ते फार परकं वाटत नाही. दुसरी गोष्ट वजनगट. कुस्तीत ६५, ज्युदोत ६६, म्हणजे तुला दोन्हीकडं वजन तोडायची गरज नाही. ७४ चा पैलवान ज्युदोत ७३ ला अडकतो आणि ५७ चा ६० मध्ये हलका पडतो. त्या मानानं तू सुखात आहेस.

आता खरी अडचण. मातीतल्या पोराचा हुकमी डाव बहुधा पट (पाय धरून पाडणं) असतो, आणि ज्युदोत उभ्यानं हात घालून पाय धरायला बंदी आहे. २०१० पासून त्यावर बंधनं आली, २०१३ ला तो पूर्ण बंद झाला. त्यामुळं पट, एकेरी असो वा दुहेरी, विसरायचा. पायात हात घालून खांद्यावर घ्यायची कलाजंगही गेली. राहतं काय? धोबीपछाड जशीच्या तशी चालते, तिकडं तिला सेओई-नागे म्हणतात. टांग डावातला पाय उचिमाताला (मांडीनं आतून उचलून फेकायला) उपयोगी पडतो आणि ढाक डावातली कंबर आत घालायची सवय कमरेच्या सगळ्या फेकींना. तुझ्याकडं यांतलं काय पक्कं आहे ते वस्तादांना विचार. पट सोडून एकही डाव बसलेला नसेल तर पहिलं वर्ष जड जाईल, हे धरून चाल.

दुसरं, पडणं. मातीत फेकला गेलास तरी कुस्ती संपत नाही; पाठ टेकेपर्यंत वळता येतं, मानेवर पूल करून वाचता येतं. ज्युदोत वेगानं पाठीवर पडलास की तिथंच इप्पोन (पूर्ण गुण), लढत खलास. पूल करून उतरलास तरी तो इप्पोनच धरतात. पाठ वाचवायला पैलवान हात टेकतो, आणि कोपर किंवा खांदा जातो तो इथंच. म्हणून पहिले चार-सहा आठवडे फेकायची घाई करू नको. रोज मागं, दोन्ही कुशींवर आणि पुढं मिळून पन्नासेक वेळा पड, हनुवटी छातीला लावून, हात टेकायचा नाही, आपटायचा. कंटाळवाणं आहे. याला फाटा देणारी पोरं महिन्याभरात गळ्यात हात बांधून तालमीत परत येतात.

उभं राहणंही बदलावं लागेल. वाकून, डोकं पुढं काढून उभा राहिलास तर बचावाचा पवित्रा म्हणून पंच शिदो (दंड) देतात. तीन शिदो झाले की बाद. छाती वर ठेवायची आणि मनगटाऐवजी कापड धरायचं: एक हात बाहीला, एक कॉलरला. गर्दनखेचची ताकद कॉलरच्या हाताला कामी येते, पण बोटं आणि पुढचा हात दोन मिनिटांत भरून येतात. त्याला औषध दोर चढणं, आणि जुना ज्युदोगी (ज्युदोचा पोशाख, थोडक्यात गी) आडव्या बारवर टाकून त्याला लोंबकळणं, २०-३० सेकंदांचे पाच-सहा फेरे, दिवसाआड.

खाली गेल्यावर मात्र पैलवानाची चंगळ. पाठीवर दाबून ५ सेकंद धरलास तर युको (सगळ्यात लहान गुण, २०२५ पासून परत आलाय), १० ला वाझा-आरी (अर्धा गुण), २० ला इप्पोन. दाबायची ताकद तुझ्याकडं आहेच. फक्त तुझा पाय त्याच्या दोन पायांत अडकू देऊ नको, मोजणी थांबते. उलट, मातीतल्यासारखा पोटावर चिकटून राहिलास तर मागून कॉलरनं गळा आवळतात नाहीतर हात ओढून कोपर सरळ करतात. लागलं की लगेच थाप मार. हार न मानण्याची तालमीतली ऐट इथं कोपर मोडून घेते.

वेळ असा बसव. जत्रांची मैदानं उन्हाळ्यापर्यंत चालतात, तेव्हा ज्युदो आठवड्याला दोनच दिवस, नुसतं पडणं आणि पकड. पावसाळा लागला, मैदानं थांबली की तीन-चार संध्याकाळी. जोर-बैठका सकाळी, पण लढती दोन्हीकडं एकाच दिवशी नकोत. पहिली जिल्हा स्पर्धा सहा महिन्यांआधी नको. वस्तादांना आधी सांग. बाहेरून कळलं तर उगाच वाकडं येतं.

मातीतून थेट मॅटवर जाऊ नको. आंघोळ, कापलेली नखं, दर वेळी धुतलेला गी, नाहीतर गजकर्ण अख्ख्या केंद्रात फिरतं. गी सुती असतो, धुतल्यावर आटतो. बाही मनगटापर्यंत येईल असा घे.

शेवटचं, सीमाभागातल्या पोरांसाठी: बारावीनंतर कोल्हापूरच्या तालमीत जायचा बेत असेल तर प्रवेशाआधी ठरव. आंतरविद्यापीठ स्पर्धेत कुस्ती आणि ज्युदो दोन्ही आहेत, पण कॉलेज ज्या विद्यापीठाचं त्याच संघातून खेळता येतं. बेळगावात राणी चन्नम्मा, तिकडं शिवाजी. तिथं ज्युदोचा सराव कुठं मिळेल आणि निवड चाचणी कधी असते, हे कॉलेजच्या क्रीडा शिक्षकांना विचारूनच फॉर्म भर.