जुन्या लाकडाला कोणता रंग?

जुनं फर्निचर घेऊन, नीट करून विकणाऱ्या वाचकांचे प्रश्न आणि जाणकारांची उत्तरं.

प्रश्न (राजारामपुरी): वाड्यातून निघालेलं सागवानी कपाट घेतलंय. हल्ली पांढऱ्या-राखाडी फर्निचरचे फोटो सगळीकडे दिसतात. रंग द्यावा की पॉलिश?

उत्तर: सागवान असेल तर रंगाचा डबा उघडूच नका. जुनं कपाट बघायला आलेलं गिऱ्हाईक आधी दार उघडून आतली बाजू बघतं, खण ओढून पारखतं आणि मग लाकूड कोणतं ते विचारतं. वर ऑइल पेंट दिसला की आत काय लपवलंय ही शंका आलीच, आणि भाव तिथेच पडतो.

पण सागवान आहे याची आधी खात्री करा. खणाच्या तळाशी किंवा मागच्या बाजूला १२० नंबरचा पॉलिश पेपर हातभर फिरवा. सोनेरी-तपकिरी रंग, हाताला किंचित तेलकटपणा आणि चामड्यासारखा वास आला तर सागवान समजा. कित्येक कपाटांची चौकट आणि दारं सागवानी, तर पाठ आणि कप्पे दुसऱ्याच लाकडाचे किंवा प्लायचे असतात. अशा वेळी समोरची बाजू पॉलिश करा आणि आतून फिका रंग द्या. त्यात फसवणूक काही नाही, आत उजेडही वाढतो.

स्टेन (लाकडात मुरणारा पारदर्शक रंग) लावायचाच तर फिकी सागवानी छटा घ्या, किंवा नुसतं नॅचरल ठेवा. सागवानावर गडद वॉलनट म्हणजे ज्याचे पैसे मिळणार तेच झाकणं. गडद छटेचा उपयोग एकाच ठिकाणी, नवीन जोडलेली फळी जुन्यात मिसळायची असेल तेव्हा. रंग द्यायचा तो प्लायला, एमडीएफला (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीला) आणि जिथे लांबी, म्हणजे भेगा-खड्डे बुजवायची पुट्टी, फार भरावी लागली आहे तिथे. पॉलिशखाली लांबी लपत नाही. आणि सनमायका असेल तर स्टेनचा विचारच नको, तो शोषलाच जात नाही.

प्रश्न (इचलकरंजी): आंब्याच्या लाकडाचं जुनं टेबल घासून वॉलनट स्टेन लावला. कुठे काळपट, कुठे फिका, आणि एकूणच लालसर दिसतंय. शेडकार्डवर रंग असा नव्हता.

उत्तर: यात दोन दोष आहेत आणि दोन्हींची कारणं वेगळी.

डागाळलेपणा लाकडाचा. आंब्याचं लाकूड सगळीकडे सारखं शोषत नाही. मऊ जागा स्टेन ओढून घेते, घट्ट जागा नाकारते. म्हणून स्टेनच्या आधी पातळ लाखेचा एक हात द्या: १ लिटर स्पिरिटमध्ये साधारण ६० ग्रॅम चपडा (पापडीसारखी) लाख, रात्रभर विरघळवून, सुती कापडातून गाळून. तासाभराने ३२० नंबरने हलकेच घासा आणि मग स्टेन लावा. लाख यापेक्षा दाट झाली तर स्टेन वरच राहील.

लालसरपणा जुन्या पॉलिशचा. महोगनी छटेचं पॉलिश वरून निघालं तरी रेघांत उरतं. स्टेन पारदर्शक असतो, त्यामुळे खालचा रंग त्यात मिसळून दिसतो. आता थिनरच्या फडक्याने जमेल तेवढा स्टेन पुसून काढा, १२० आणि मग १८० नंबरने पुन्हा घासा. स्टेनआधी कोरं लाकूड घासताना २२० च्या पुढे जाऊ नका, लाकूड गुळगुळीत झालं की रंग धरत नाही. टोकाकडची कापलेली बाजू मात्र ३२० नंबरने घासा, ती नाहीतर काळी पडते. एवढं करूनही लाली उरली तर स्पिरिटमध्ये विरघळणाऱ्या हिरव्या रंगाची चिमटीपेक्षाही कमी पूड स्टेनमध्ये घाला. हिरवा लालीला मारतो. पण अंदाज चुकला तर टेबल शेवाळल्यासारखं दिसेल, म्हणून आधी फळीच्या खालच्या बाजूला नमुना करा. नमुन्यावर सीलर (पॉलिशआधीचा बंद करणारा थर) आणि पॉलिशचा शेवटचा हातही मारा, कारण सुका स्टेन आणि पॉलिशखालचा स्टेन यांत चांगलाच फरक असतो.

चार बाय अडीच फुटांच्या फळीला एका हाताला १०० ते १५० मिलि स्टेन पुरतो. पायांसकट २५० मिलि एकदम कालवा आणि प्रमाण लिहून ठेवा. निम्म्यात संपला तर दुसऱ्यांदा तीच छटा क्वचितच जुळते.

प्रश्न (शिवाजी पेठ): गडद पॉलिशच्या ड्रेसिंग टेबलाला पांढरा रंग दिला. दोन हातांनंतर गुलाबी डाग वर येतात. तिसरा हात मारू का?

उत्तर: तिसऱ्यानेही काही होणार नाही. जुन्या पॉलिशमधला लाल रंग नव्या थरात झिरपतोय. डागाळलेला थर घासा, लाखेचे दोन हात देऊन बंद करा, मग प्रायमर आणि रंग. वरून पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) द्यायचं असेल तर लाखेचं द्रावण दोन-तीन दिवस न हलवता ठेवा आणि वरचं नितळ तेवढंच वापरा. खाली बसतं ते मेण, त्यावर पीयू नीट धरत नाही.

पांढऱ्यासाठी शक्यतो पाण्यात मिसळणारा रंग घ्या. ऑइल पेंटचा पांढरा अंधारात पिवळा पडतो, कपाटाच्या आत तर लवकरच. दिसायला शुभ्रापेक्षा आयव्हरी जास्त उजवा, आणि पुढे डागही कमी दाखवतो.

खाली जुना ऑइल पेंट असेल तर तो कोरडा घासू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. पाणी मारून घासा, चांगला मास्क लावा, मुलांना लांब ठेवा.

प्रश्न (गडहिंग्लज): सागवानी खुर्चीत खिळ्यांभोवती काळे डाग आहेत. घासून जात नाहीत.

उत्तर: लोखंड, पाणी आणि लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) यांचा तो रंग, खोलवर गेलेला असतो. खिळे काढा. प्लास्टिकच्या भांड्यात अर्धा लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवून पूर्ण फळीवर लावा. फक्त डागावर लावलं तर तिथेच फिकं वर्तुळ पडतं. सुकल्यावर दोनदा भरपूर पाण्याने धुवा, पूर्ण वाळेपर्यंत थांबा. हे विषारी आहे: हातमोजे हवेतच, आणि वाळलेली पूड उडवू नका. पुन्हा ठोकताना पितळी स्क्रू वापरा.

प्रश्न (कागल): फोटो बघून घेतलेल्या गिऱ्हाइकाने ‘रंग वेगळा आहे’ म्हणून टीपॉय परत केला. शिवाय पावसाळ्यात पॉलिश पांढरट होतं.

उत्तर: पिवळ्या बल्बखाली फिका सागवानी रंग तांबूस दिसतो, पांढऱ्या ट्यूबखाली निस्तेज. फोटो सकाळी खिडकीजवळ, दिवे बंद करून काढा. शेजारी कोरा पांढरा कागद ठेवलेला एक फोटोही पाठवा.

पांढरटपणा ओलाव्याचा. स्पिरिट आणि थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी त्यावर धरतं. लाखेच्या पॉलिशवर कोरड्या दिवशी स्पिरिटचा जेमतेम ओला बोळा फिरवला की बहुतेक वेळा उतरतं. जूनच्या झडीत लाख आणि लॅकरची कामं घेऊच नका. त्या दिवसांत घासणं, सांधे, लांबी उरका, आणि गिऱ्हाइकाला तारीख देताना हे धरून द्या.