स्लोमशेक 'राजपुत्र' होते का?

तुमचा प्रश्न असा: लावांट या कॅथलिक धर्मप्रांताचे बिशप आन्टोन मार्टिन स्लोमशेक यांच्या नावाला जर्मन कागदांत 'फ्युर्स्टबिशोफ', म्हणजे राजपुत्र-बिशप, असं लावलेलं दिसतं, मग ते कुठल्या सरदार घराण्यातले होते?

कुठल्याच नाही. १८०० साली पोनिक्वाजवळच्या स्लोम या वाडीत शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. हा भाग तेव्हा ऑस्ट्रियाच्या स्टायरिया प्रांतात होता, आज स्लोव्हेनियात आहे. थोरला मुलगा म्हणून त्यानेच शेत सांभाळावं असं वडिलांचं म्हणणं होतं. पण याकोब प्राश्निकार या गावच्या पाद्रींनी पोराची हुशारी हेरली आणि शिक्षण सुटू दिलं नाही. १८२४ मध्ये दीक्षा झाली. पुढे क्लागेनफुर्टच्या सेमिनरीत होतकरू पाद्रींना ते स्लोव्हेन शिकवत. ज्या लोकांना प्रवचन द्यायचं त्यांची भाषा पाद्रीला नीट यायला हवी, इतका साधा त्यामागचा हिशोब होता.

आता किताबाबद्दल. आपल्याकडच्या हिशोबात बोलायचं तर हे वतन नव्हतं, हुद्दा होता. लावांटच्या बिशपांना हा मान १५व्या शतकात मिळाला आणि तो गादीला चिकटला. जो गादीवर बसेल तो राजपुत्र. तो गेला की पुढच्याला. भाऊ-पुतण्यांना त्यातलं काही मिळत नसे. स्लोमशेक १८६२ मध्ये वारले, तेव्हा तोच मान त्यांच्यामागून आलेल्या स्तेपिश्निक यांच्याकडे गेला. शिवाय जुन्या पवित्र रोमन साम्राज्यातल्या साल्झबुर्गच्या आर्चबिशपसारखं लावांटच्या बिशपाला स्वतःचं राज्य कधीच नव्हतं. उलट लावांटचा बिशप नेमण्याचा अधिकारच साल्झबुर्गच्या आर्चबिशपाकडे होता. १८४६ मध्ये श्वार्झेनबेर्ग यांनी तो वापरून स्लोमशेकना नेमलं. गंमत बघा, ते आर्चबिशप श्वार्झेनबेर्ग मात्र जन्मानेही राजपुत्राचा किताब असलेल्या सरदार घराण्यातले होते.

म्हणून किताब नुसता शोभेचा होता असंही नाही. १८६१च्या ऑस्ट्रियन राज्यघटनेत राजपुत्राचा दर्जा असलेल्या बिशपांना व्हिएन्नाच्या वरिष्ठ सभागृहात पदसिद्ध जागा मिळाली, स्टायरियाच्या प्रांतिक सभेतही मिळाली. शेतकऱ्याचा मुलगा त्या बड्या जमीनदारांच्या रांगेत जाऊन बसला तो फक्त गादीमुळे.

माझ्या मते त्यांचं मोठेपण किताबात नाही, नकाशात आहे. लावांटची गादी ऑस्ट्रियाच्या कॅरिंथिया प्रांतात सांक्ट आंड्रे या गावी, एका कोपऱ्यात होती, आणि स्टायरियातले स्लोव्हेन लोक लावांट आणि सेकाऊ (ज्याची गादी ग्राझ शहरात होती) अशा दोन धर्मप्रांतांत विभागलेले होते. बरीच वर्षं खटपट करून १८५९ मध्ये त्यांनी गादी मारिबोरला हलवली. सेकाऊकडचा स्लोव्हेन भाग लावांटला जोडून घेतला, कॅरिंथियाचा भाग सोडून दिला. त्याच वर्षी मारिबोरमध्ये धर्मशास्त्राचं उच्च शिक्षणही सुरू झालं. जर्मन वळणाच्या त्या शहरात स्लोव्हेन भाषेला यामुळे भक्कम आधार मिळाला. १९१८ नंतर मारिबोर युगोस्लाव्हियात राहिलं त्याचं श्रेय काही जण थेट स्लोमशेकना देतात. मला ते ताणलेलं वाटतं. स्लोव्हेन सेनानी जनरल माइस्तरने तेव्हा सैन्य घेऊन शहर ताब्यात घेतलं नसतं तर एकट्या गादीने काय केलं असतं?

पुस्तकांचं थोडक्यात सांगतो. रविवारच्या शाळेसाठी त्यांनी 'ब्लाझे इन नेझित्सा' हे पाठ्यपुस्तक १८४२ मध्ये काढलं. स्लोव्हेन पुस्तकं छापणारी संस्था काढायला सरकारने परवानगी नाकारली, तेव्हा १८४६ पासून 'द्रोबतिनित्से' हे वार्षिक सुरू केलं. १८५१ मध्ये स्लोव्हेन पुस्तकं काढणारी मोहोर संस्था उभी राहिली, तिच्यामागेही तेच होते. १९९९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी मारिबोरमध्येच त्यांना 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं.

तुम्ही वंशावळ करत असाल तर त्यांच्या नावापुढे उमराव घराणं लिहू नका, पदाच्या रकान्यात 'लावांटचे राजपुत्र-बिशप, १८४६ ते १८६२' एवढं पुरे. बिशपांचे असले ऐहिक किताब १९५१ मध्ये व्हॅटिकनने बंदच केले, त्यामुळे आजच्या मारिबोरच्या आर्चबिशपांना तो लावू नये.