‘सम किंवा मूळ’ यातला ‘किंवा’ दोन्ही धरतो का?

दहावीच्या संभाव्यतेच्या धड्यावरून एका पालकांनी विचारले आहे: फासा टाकल्यावर ‘सम किंवा मूळ संख्या मिळणे’ या घटनेत 2 मोजायचा की नाही? 2 सम आहे आणि मूळही आहे (मूळ म्हणजे 1 हून मोठी, 1 आणि स्वतः यांशिवाय कशानेही भाग न जाणारी संख्या). ‘किंवा’ म्हणजे दोहोंपैकी एक, मग दोन्हींत बसणारा 2 बाद व्हायला हवा, असे त्यांचे म्हणणे. उत्तरात मात्र तो धरलेला आहे. गणिताने मराठी शब्दाला वेगळाच अर्थ चिकटवला का, असा त्यांचा प्रश्न.

2 धरायचाच. आणि गणिताने काहीही चिकटवलेले नाही. मराठीतला ‘किंवा’ मुळातच दोन्हींना वाव देतो, असे माझे ठाम मत आहे.

याची परीक्षा नकारात होते. ‘आजोबा चहा किंवा कॉफी घेत नाहीत’ या वाक्याचा अर्थ काय? दोन्ही घेत नाहीत. ‘किंवा’चा अर्थ ‘फक्त एकच’ असता, तर नकार त्या ‘फक्त एकच’ला लागला असता आणि दोन्ही घेणाऱ्या आजोबांनाही हे वाक्य लागू पडले असते. तसे कोणीही मराठी माणूस समजणार नाही. ‘ज्यांच्याकडे रेशनकार्ड किंवा आधारकार्ड आहे त्यांनी पुढे या’ असे सांगितल्यावर दोन्ही कार्डे खिशात असलेला माणूस मागे थांबत नाही, तेही याचमुळे.

निवड करायला लावणारा शब्द मराठीत वेगळा आहे, तो ‘की’. ‘चहा घेणार की कॉफी?’ याला ‘हो’ एवढेच उत्तर चालत नाही, एकाचे नाव घ्यावे लागते. ‘चहा किंवा कॉफी घेणार का?’ याला मात्र ‘हो, काहीही चालेल’ म्हणता येते. हा फरक आपण दिवसभर न चुकता पाळतो. ‘2 ही संख्या सम की मूळ?’ हा प्रश्न म्हणूनच खटकतो, आणि ‘2 ही संख्या सम किंवा मूळ आहे’ हे विधान खरे ठरते.

मग ‘दोहोंपैकी एकच’ हा समज येतो कुठून? बराचसा प्रश्नपत्रिकेतून. दोन प्रश्नांच्या मधोमध ठळक ‘किंवा’ छापलेला असतो आणि दोन्ही सोडवले तरी गुण एकाचेच मिळतात. पण तिथे दुसरे उत्तर बाद करणारा परीक्षेचा नियम असतो, शब्द नव्हे. ‘छापा किंवा काटा’ म्हणतानाही दोन्ही एकदम येणे नाण्यालाच शक्य नसते. कायद्याच्या मराठीत ‘कारावास किंवा द्रव्यदंड किंवा दोन्ही शिक्षा’ असे लिहितात. ही पुस्ती वादाला जागा राहू नये म्हणून असते. त्यावरून नुसता ‘किंवा’ दोन्ही वगळतो असे सिद्ध होत नाही.

आता मोजणी. सम निष्पत्ती, म्हणजे फाशावर पडू शकणाऱ्या सम संख्या, 2, 4, 6. मूळ 2, 3, 5. नुसती बेरीज केली तर 3 + 3 = 6 येतात, म्हणजे संभाव्यता 1, घटना निश्चितच घडणार! पण फाशावर 1 पडला तर? तो समही नाही, मूळही नाही. घोटाळा 2 दोनदा मोजल्यामुळे झाला. एकदा वजा केला की निष्पत्ती उरतात 2, 3, 4, 5, 6, आणि संभाव्यता 5/6. म्हणजे 2 धरायचा, पण एकदाच. ‘किंवा’ आला की सरळ बेरीज करणाऱ्या मुलांची गाडी नेमकी इथेच अडते. 52 पत्त्यांच्या कॅटमधून ‘राजा किंवा बदाम’ काढायचे असेल तर 4 + 13 = 17 नव्हे, 16 निष्पत्ती, कारण बदामचा राजा दोन्हीकडे मोजला गेला.

दोन नाण्यांचे उदाहरणही याच जातीचे. ‘पहिल्यावर किंवा दुसऱ्यावर छापा’ म्हणजेच ‘किमान एक छापा’. नमुना अवकाशात, म्हणजे सर्व शक्य निष्पत्तींच्या यादीत, चार निष्पत्ती: छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. पहिल्या तीन अनुकूल, म्हणून 3/4. फ्रेंच गणिती दालांबेर यांनी 1754 मध्ये विश्वकोशातल्या नोंदीत याचे उत्तर 2/3 असावे असा युक्तिवाद केला होता. पहिल्याच फेकीत छापा आला की खेळ संपला, दुसरी फेक कशाला, म्हणून त्यांनी तीनच प्रकार धरले: छापा, काटा-छापा, काटा-काटा. पण ते तीन प्रकार समसंभाव्य, म्हणजे सारख्याच शक्यतेचे, नाहीत. पहिल्या फेकीत छापा येण्याची संभाव्यता 1/2, उरलेल्या दोहोंची प्रत्येकी 1/4. इतका मोठा माणूस इथे अडखळला, तेव्हा मुलांना चारही जोड्या कागदावर लिहायला लावाव्यात, तोंडी हिशेबावर सोडू नये.

प्रश्न काढणाऱ्यांना खरोखर एकच गुणधर्म हवा असेल, तर ‘सम आणि मूळ यांपैकी नेमका एकच गुणधर्म असलेली संख्या’ असे लिहावे. तेव्हा 2 बाद होतो, 3, 4, 5, 6 राहतात आणि उत्तर 4/6 म्हणजे 2/3 येते. ते ओझे एकट्या ‘किंवा’वर टाकू नये.