वाचक विचारतात: पोराला घेऊन हरणाच्या शिकारीला, तेही सरकारी जंगलात

प्रश्न: दादा नमस्कार, आम्ही अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसनजवळ राहतो, येऊन नऊ वर्षं झाली. मुलगा 11 वर्षांचा आहे. त्याच्या वर्गातली कितीतरी पोरं नोव्हेंबरात बाबांबरोबर डिअर हंटिंगला जातात आणि हा वर्षभर माझ्या मागे लागलाय की आपण पण जाऊया. मी हंटर एज्युकेशनचा कोर्स केलाय, शेजारच्या आजोबांबरोबर दोन सीझन गेलोय, एक हरीण मारलंयही, पण ते सगळं त्यांच्या स्वतःच्या जमिनीवर. ती त्यांनी आता विकली, म्हणजे सरकारी जंगलातच जावं लागणार. तिथं अनोळखी माणसं बंदुका घेऊन फिरत असतात. बायको म्हणते अजून लहान आहे. आणि मी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, त्याचा काही लफडा होईल का? (एक वाचक, मॅडिसन)

उत्तर: तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो कारण आपल्याकडची बरीच माणसं तो विचारतच नाहीत. नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला (एच-वन-बी त्यातलाच) अमेरिकेच्या फेडरल कायद्याने बंदूकही ठेवता येत नाही आणि गोळ्याही ठेवता येत नाहीत, पण त्याला एक अपवाद आहे, तुमच्याकडे राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असेल तर चालतं. आता गोम अशी की विस्कॉन्सिनचं लायसन्स 31 मार्चला संपतं आणि बंदूक कपाटात वर्षभर तशीच असते. एप्रिलमध्ये नवीन लायसन्स काढायचं विसरलात तर तुम्ही कायद्याच्या चुकीच्या बाजूला गेलात, आणि मुलगा अमेरिकन नागरिक असला तरी त्याने तुमचा काही बचाव होत नाही. तेव्हा बंदूक घ्यायच्या आधी इमिग्रेशन वकिलाशी एकदा बोला, हे मी अगदी हात जोडून सांगतोय.

आता पोराचं. न्या. पण पहिली दोन-तीन वर्षं तुमची बंदूक घरी ठेवून न्या. मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय.

माझ्या मुलीला मी पहिल्यांदा नेलं ते 2016 ला, तेव्हा ती 10 वर्षांची होती, आणि त्यावेळी विस्कॉन्सिनच्या मेंटॉर्ड हंटिंगच्या, म्हणजे जाणत्या मोठ्या माणसाच्या (मेंटॉरच्या) देखरेखीखाली शिकार करायच्या नियमात किमान वय 10 होतं आणि दोघांत मिळून एकच हत्यार नेता यायचं. 2017 मध्ये कायदा बदलला, वयाची अट गेली आणि दोघांनी दोन बंदुका घ्यायला परवानगी मिळाली. मेंटॉरने हाताच्या अंतरावर राहायचं ही अट मात्र तशीच राहिली. 2018 ला मुलाची पाळी आली तेव्हा मी दोन बंदुका घेतल्या, म्हटलं कायद्याने चालतंय तर का नाही. सीझनच्या पहिल्या दिवशी साडेसात वाजता उजवीकडून मोठ्या शिंगांचा नर आला, मी बंदूक खांद्याला लावली, दुर्बिणीत त्याच्याकडे बघत राहिलो, आणि त्या आठ-दहा सेकंदांत माझा पोरगा माझ्या शेजारी आहे हे मी खरंच विसरलो होतो. मान वळवली तर त्यालाही हरीण दिसलं होतं आणि तो वळला होता, त्याच्या बंदुकीची नळी माझ्या गुडघ्यावर होती. सेफ्टी लावलेली होती, बोट चापाच्या बाहेर होतं, काही झालं नाही. पण त्या सकाळी मी दोन्ही बंदुका रिकाम्या केल्या आणि आम्ही घरी आलो, आणि गाडीत मी त्याला सांगितलं की चूक माझी होती. पोरगा त्याच्या वयाप्रमाणे वागला, लक्ष ठेवायचं काम माझं होतं आणि मी हरणाच्या मागे लागलो.

म्हणून तुमच्यासाठी सगळ्यात चांगला मुहूर्त म्हणजे ऑक्टोबरमधला यूथ हंटचा वीकेंड. 15 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असतो आणि त्यात सोबतच्या मोठ्या माणसाला स्वतः बंदुकीने शिकार करताच येत नाही, म्हणजे मोह व्हायचा प्रश्नच नाही. थंडी कमी आणि जंगलात गर्दीही कमी. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी जो नऊ दिवसांचा बंदुकीचा सीझन सुरू होतो त्याच्या पहिल्या दिवशी तर पहाटे पार्किंगला जागा मिळत नाही, तो दिवस नवख्या पोरासाठी नाही असं माझं मत.

अनोळखी माणसांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. पण जागा भरपूर आहे, उत्तरेकडचं शेक्वामेगन-निकोले नॅशनल फॉरेस्टच 15 लाख एकरांच्या वर आहे, शिवाय काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची जंगलं वेगळी. सप्टेंबरात पोराला घेऊन नुसतं चालायला जा. खुरांचे ठसे, लेंड्या, नराने शिंगं घासून सोललेली झाडाची साल, हे त्याला शोधू दे, त्याला त्यातच निम्मी मजा येईल. जागा एक नाही तीन ठरवा, कारण सरकारी जंगलात कोणाचं बुकिंग नसतं, तुमच्या जागेच्या तोंडाशी दुसऱ्याचा ट्रक उभा दिसला की गुपचूप दुसरीकडे जायचं, वाद घालायचा नाही. खाजगी जमिनीची हद्द फोनवरच्या नकाशात आधी बघून ठेवा. भडक केशरी टोपी आणि जॅकेट दोघांनाही हवंच (2016 पासून भडक गुलाबीही चालतं, माझी मुलगी तेच घालते), पाठीवर बॅग घेतलीत तर तीही केशरी घ्या, नाहीतर मागून काहीच दिसत नाही. आणि पहिल्या वर्षी झाडावरच्या मचाणावर चढू नका, जमिनीवर मोठ्या झाडाला पाठ टेकून बसा.

इथल्या कोर्समध्ये टॅब-के शिकवतात तुम्हाला माहितीये, प्रत्येक बंदूक भरलेली आहे असं धरा, नळी सुरक्षित दिशेला, सावज आणि त्याच्या मागे काय आहे दोन्हीची खात्री, बोट चापाच्या बाहेर. ते त्याच्याकडून पाठ करून घ्या पण खरी सवय उन्हाळ्यात नेमबाजीच्या रेंजवर लागते, आधी पॉइंट टू-टू, मग पॉइंट टू-फोर-थ्रीसारखी कमी धक्क्याची रायफल, कानाला संरक्षण कायम. 60-70 यार्डांवर जेवणाच्या ताटलीत दहापैकी दहा गोळ्या बसेपर्यंत जंगलाचं नाव काढू नका. आणि नेम धरल्यावर ऐनवेळी त्याला नको वाटलं, मादीच्या मागे पाडस दिसलं किंवा नुसतंच हात थरथरला, तर त्याने बंदूक खाली घ्यायची आणि तुम्ही एक शब्द बोलायचा नाही, "अरे मार ना" तर मुळीच नाही. माझ्या मुलीने पहिल्या वर्षी दोनदा खाली घेतली. गोळी लागलीच तर अर्धा तास जागेवर थांबा, लगेच मागे धावलं की जखमी हरीण लांब जातं, मग रक्ताचा माग काढायचं काम त्याला द्या, पोरांची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते. आतडी काढताना त्याला बघायचं असेल तर बघू दे, जबरदस्ती नको. हरीण ओढायला बर्फावरची प्लास्टिकची स्लेड न्या. मारलेलं हरीण सापडल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 5 च्या आत त्याची ऑनलाइन नोंदणी करायची असते.

वहिनींना माझ्यातर्फे सांगा की त्यांची काळजी बरोबर आहे. त्यांना एकदा रेंजवर न्या, पोराला बंदूक हाताळताना त्यांनी स्वतः बघू दे, त्या नाही म्हणाल्या तर एक वर्ष थांबा. घाई कशाला?

प्रश्न: माझा नातू तिकडे विस्कॉन्सिनमध्ये अॅपलटनला असतो, 13 वर्षांचा आहे. बापाबरोबर जाऊन हरीण मारून आणलं म्हणे. आपल्याकडे हरीण मारलं तर जेल होते, मग तिकडे लहान पोराला कसं चालतं? मला दोन दिवस जेवण गेलं नाही. नोव्हेंबरात मी जाणार आहे, घरात ते मटण असेल. (एक आजी, कराड)

उत्तर: आजी, तुम्हाला वाईट वाटलं यात काही चूक नाही. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं. विस्कॉन्सिनमध्येही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बेसुमार शिकारीने हरणं अगदी कमी झाली होती, मग सीझन, लायसन्स, किती मारायची याचे आकडे असे नियम आले आणि आज तिथं 15 लाखांच्या वर पांढऱ्या शेपटीची हरणं आहेत. त्यांना खाणारे लांडगे सगळ्या राज्यात हजाराच्या आसपास. हरणं जास्त झाली की जंगलातली कोवळी रोपं वर येत नाहीत, दरवर्षी हजारो गाड्यांना धडकतात, थंडीत उपाशीही मरतात. बंदुकी आणि काडतुसांवर कर आहे, 1937 च्या कायद्यापासून तो पैसा जंगली जनावरांच्या रक्षणाला जातो. तुमचा नातू चोरून काही करत नाहीये.

मटणाचं एक मात्र नातवाच्या बाबांना नक्की विचारा. तिथल्या हरणांत सी-डब्ल्यू-डी नावाचा मेंदूचा रोग 2002 मध्ये सापडला आणि तो शिजवून जात नाही. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी रोगाच्या भागातलं हरीण तपासून घ्या आणि रोग निघाला तर खाऊ नका असंच तिथलं आरोग्य खातं सांगतं. मुंडकं आणि थोडी मान दिली की सरकार फुकट तपासतं, रिपोर्टला साधारण दोन आठवडे लागतात, तोवर मटण फ्रीझरमध्ये. गोळी लागलेल्या जागेभोवतीचं मांस सढळ हाताने कापून टाकायचं, शिशाचे कण असतात.

तुम्हाला खायचं नसेल तर नका खाऊ, पण नातवाला जवळ बसवून विचारा की त्या दिवशी जंगलात काय काय बघितलं. आणि करायचं मनात आलंच तर या मटणाला चरबी नसते, तेल आपल्या मटणापेक्षा थोडं जास्त घ्या, कांदा-सुक्या खोबऱ्याचं वाटण नेहमीचंच, कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त.