मीटर चार, शेड एक: वीज सवलत आणि १९ वर्षांची ग्रॅच्युइटी

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मागाहून वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात मांडतो. तुमचे वडील इचलकरंजीत एकाच शेडमध्ये १९ वर्षं साधे यंत्रमाग चालवत होते. १२ तासांची पाळी, मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर. गेल्या महिन्यात मालकाने सांगितलं, ‘उद्यापासून येऊ नका.’ ग्रॅच्युइटीचं विचारल्यावर उत्तर आलं, ‘आमच्या चार वेगळ्या फर्म आहेत, एकेकीत सात-आठच माणसं, आम्हाला कायदा लागू नाही. विजेची सवलत आहे म्हणून शेड चालू आहे, फार ताणलंत तर कुलूप लावावं लागेल.’ यातलं खरं किती, हे तुम्हाला हवंय.

सवलतीचं खरं आहे. फर्मचं बहुतेक खरं नाही. आणि या दोन गोष्टी एकमेकींत कशा गुंतल्यात ते कळलं, की वडिलांची बाजू तुम्हाला नीट मांडता येईल.

मी स्वतः ९ वर्षं माग चालवले आणि पुढे २२ वर्षं दिवाणजी म्हणून वह्या लिहिल्या. हजेरीच्या दोन वह्या असायच्या. एकीत खरे कामगार: नाव, मीटर, उचल, बाकी. दुसरी तपासणीला कोणी आलं तर दाखवायची, तिच्यात सात नावं. एकदा रात्रपाळीत धोटा (आडवं सूत नेणारा मागाचा भाग) उडाला आणि शेजारच्या मागावरच्या पोराच्या डोळ्यावर बसला. त्याचं नाव सातांत नव्हतं. कार्ड नाही, म्हणून राज्य विमा रुग्णालयाचा रस्ताच बंद. खाजगी दवाखान्याचं बिल निम्मं मालकाने दिलं, निम्मं त्याच्या उचलीत माझ्याच हाताने लिहिलं गेलं. तो डोळा परत आला नाही. तुमच्यासारख्यांचे प्रश्न आले की मी वेळ काढून उत्तर देतो, ते त्या पानामुळे.

आता विजेकडे येऊ. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली आला आणि गाव त्यावर वाढलं. भिवंडी, मालेगाव, सोलापूर, विटा, सगळीकडे मागाचा धंदा विजेच्या दरावर तोललेला असतो. म्हणून शासन यंत्रमागाला सवलतीने वीज देतं. सवलतीत २७ अश्वशक्तीची एक रेघ आहे. २७ अश्वशक्ती म्हणजे साधारण २० किलोवॅट, आणि महावितरणच्या लघुदाब औद्योगिक दरपत्रकातही २० किलोवॅटला वरचा-खालचा असा भेद आहे. रेघेच्या खाली राहिलं की युनिट स्वस्त पडतं. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जादा सवलत जाहीर केली तेव्हाही हाच भेद राहिला: २७ पर्यंतच्यांना युनिटमागे १ रुपया, त्यावरच्यांना ७५ पैसे.

मग ज्याचे ८०-९० माग आहेत तो काय करतो? एक मीटर स्वतःच्या नावाने, एक बायकोच्या, एक भावाच्या, एक मुलाच्या. शेडच्या भिंतीवर एका फळीवर चार मीटर शेजारी शेजारी, आणि प्रत्येकाच्या खाली ऑइलपेंटने लिहिलेलं वेगळं नाव. इचलकरंजीत वाढलेल्या माणसाला हे चित्र सांगावं लागत नाही. विजेसाठी केलेली ही वाटणी पुढे कामगार कायद्यालाही उपयोगी पडते. राज्य विमा आणि ग्रॅच्युइटी १० कामगारांपासून लागू होते, भविष्य निर्वाह निधी २० पासून. कारखान्याच्या व्याख्येत विजेवर चालणाऱ्या जागेसाठी १९४८ च्या कायद्यात १० चा आकडा होता, नव्या कामगार संहितेत तो २० झाला. म्हणजे शासनाचं एक खातं म्हणतं लहान राहा, स्वस्त वीज देतो. दुसरं खातं म्हणतं लहान असाल तर कामगारांचं बरंचसं द्यावं लागणार नाही. दोन्ही खात्यांनी मिळून मोठ्याला लहान दिसायची सोय करून दिली आहे. हे मुद्दाम कोणी केलं असं मी म्हणत नाही, पण इतकी वर्षं कोणी दुरुस्तही केलं नाही, याचा मला राग आहे.

आता हिशेब करा, कारण हाच तुमचा पुरावा आहे. साध्या मागाची मोटर साधारण एक अश्वशक्तीची. दिवे, पंखे, कांडीवर सूत भरायचं मशीन धरून २७ अश्वशक्तीच्या मीटरवर २४ माग आरामात बसतात. एक माणूस सहा माग बघतो असं धरलं तरी एका पाळीला चार विणकर, दोन पाळ्यांना आठ. त्यात कांडी भरणारी बाई, माग दुरुस्त करणारा जॉबर, कापडाची घडी करणारा मिळवा. ११ झाले, तेही एका मीटरवर. मालकाचं ‘सात-आठच माणसं’ त्याच्याच वीजबिलाशी जुळत नाही. आणि चार मीटर मिळून हिशेब ४० च्या वर जातो.

‘पण फर्म चार आहेत ना?’ असं तुम्हाला ऐकवलं जाईल. कागदावर चार नावं असली म्हणजे आस्थापना चार होत नाहीत. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असोसिएटेड सिमेंटच्या खटल्यात याच्या कसोट्या सांगितल्या आणि आजही त्यांचाच आधार घेतात: मालकी एक आहे का, कारभार एकाच्या हातात आहे का, पैसा एकाच थैलीतून येतो का, जागा लगत आहे का, एकाचं काम दुसऱ्यावाचून अडतं का, कामगार इकडून तिकडे फिरवले जातात का. यातली एकच कसोटी लावून निकाल होत नाही, सगळं चित्र बघतात. म्हणून वडिलांजवळ शांतपणे बसा आणि विचारा. सूत कोणाच्या नावाने यायचं? बीम (उभ्या सुताचे रूळ) सुताला खळ लावणाऱ्या एकाच सायझिंगमधून यायचे का? मजुरी कोण वाटायचं, दिवाणजी एकच होता का? भावाच्या नावाच्या मागावर माणूस कमी पडला तर वडिलांना तिकडे पाठवायचे का? दरवाजा एक की चार? उत्तरं तारखांसकट वहीत उतरवा. फोनवर मजुरी जमा झाली असेल तर बँकेचा उतारा काढा. पाठवणाऱ्याचं नाव कधी मालक, कधी त्याचा मुलगा असं दिसलं तर ते सोन्यासारखं आहे. मीटरच्या फळीचा फोटो बाहेरून दिसत असेल तर जरूर काढा, शेडमध्ये शिरून मात्र नको.

ग्रॅच्युइटीबद्दल तीन गोष्टी लोकांना माहीत नसतात. मागच्या १२ महिन्यांत एखाद्या दिवशीही १० माणसं कामावर असली तर कायदा लागू होतो, आणि एकदा लागू झाला की पुढे माणसं कमी झाली तरी तो सुटत नाही. १९७२ च्या कायद्यातलं हे तत्त्व सामाजिक सुरक्षा संहितेतही आलं आहे. दुसरं, कापडाच्या मीटरवर मजुरी घेणाऱ्यालाही ग्रॅच्युइटी मिळते. त्याच्यासाठी शेवटच्या तीन महिन्यांच्या मजुरीची सरासरी काढतात, जादा कामाचे पैसे त्यात धरत नाहीत. तिसरं, भागाकार ३० ने होत नाही, २६ ने होतो. समजा सरासरी महिन्याला १५,६०० पडली. २६ ने भागून ६००, गुणिले १५ दिवस म्हणजे ९,०००. गुणिले १९ वर्षं, १,७१,०००. ही रक्कम हक्काची आहे.

आणि यापेक्षाही महत्त्वाचं, जे मालक सांगणार नाही आणि पुष्कळदा युनियनचे लोकही घाईत विसरतात: कामावरून कमी केल्याची भरपाई वेगळी असते आणि तिला १० चा आकडा लागत नाही. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला नोटीस न देता काढलं, तर महिन्याच्या नोटिशीचे पैसे आणि पूर्ण झालेल्या दर वर्षामागे १५ दिवसांची सरासरी मजुरी द्यावी लागते. औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. चार फर्मचा वाद समजा तुम्ही हरलात तरी हे बुडत नाही. मात्र दाद मागायची मुदत आता दोन वर्षं आहे, पूर्वी तीन होती.

किमान वेतनालाही कामगारांच्या संख्येची अट नाही, एक कामगार असला तरी ते द्यावं लागतं. २०१३ च्या मोठ्या संपानंतर इचलकरंजीत महागाई भत्त्याप्रमाणे दरवर्षी पीसरेट, म्हणजे कापडावर मिळणाऱ्या मजुरीचा दर, वाढवायचं ठरलं, आणि कामगार खात्याकडून तो आकडा जाहीर होत आला आहे. वडिलांना तो मिळत होता का ते ताडून बघा. वेतन संहितेत थकबाकीचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, आणि पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. आमच्या काळात कामगार हात हलवत सांगायचा ‘दिलेच नाहीत’ आणि आम्ही वही पुढे करायचो, वहीचं खरं मानलं जायचं. आता वही मालकाला सिद्ध करावी लागेल.

एक इशारा. पुढच्या काही दिवसांत कोणीतरी घरी येईल, गोड बोलेल, २०-२५ हजार हातावर ठेवेल आणि कागदावर सही मागेल. कागदावर लिहिलेलं असेल, ‘स्वेच्छेने काम सोडले, सर्व हिशेब पूर्ण मिळाला.’ असे कागद मीच टाइप करून आणायचो. वडिलांना सांगा, पैसे घ्यायचे असतील तर घ्या, पण ‘हिशेबापोटी इतके मिळाले, बाकी येणे आहे’ एवढंच स्वतःच्या अक्षरात लिहून सही करा. ते मान्य नसेल तर पैसेही नकोत.

‘सवलत गेली तर शेड बंद’ या धमकीबद्दल. वडिलांनी ग्रॅच्युइटी मागितली म्हणून कोणाची वीज सवलत जात नाही, दोन्हींचा कागदोपत्री संबंधच नाही. पण माझ्या मते तो असायला हवा. मी सवलतीच्या विरोधात नाही. आठ माग घेऊन बायको-पोरांसह राबणारा खर्चीवाला, म्हणजे व्यापाऱ्याचं कापड मजुरीवर विणून देणारा छोटा मागवाला, सुताच्या भावात आणि व्यापाऱ्याने ठरवलेल्या मजुरीत भरडला जातो, त्याला स्वस्त वीज मिळालीच पाहिजे. पण सवलत सगळ्यांच्या पैशातून येते. २०२१ च्या अखेरीस शासनाने २७ अश्वशक्तीच्या वरच्या यंत्रमागांना ऑनलाइन नोंदणी नसेल तर सवलत नाही असं सांगितलं होतं. ओरड झाली, मुदती वाढल्या, पण अट घालता येते हे तरी दिसलं. त्याच अर्जात अजून एक रकाना असावा: या मीटरवर काम करणाऱ्या कामगारांची नावं. आणि सवलत अश्वशक्तीवर न ठरवता नोंदलेल्या कामगारांवर ठरवली, तर नावं लपवण्यात कोणाचा फायदा उरणार नाही, उलट लिहिण्यात उरेल. माथाडी कामगारांसाठी १९६९ मध्ये याच राज्याने कायदा केला, त्यात माणूस कुठल्या मालकाकडे किती जणांत काम करतो हे न बघता त्याची मंडळात नोंद होते. मग मागावाल्यांनाच १० आणि २० चे आकडे का मोजत बसायला लावायचं?

तुमच्यासाठी पुढचं काम असं. आधी मालकाला साध्या कागदावर अर्ज लिहा: कधीपासून काम, कधी काढलं, ग्रॅच्युइटी, नोटिशीचे पैसे आणि भरपाई मिळावी. चारही फर्मची नावं त्या एकाच अर्जात घाला, कारण पुढे एकीनेच ‘हा आमचा कामगार नाही’ म्हणू नये. रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवा, पाकीट नाकारलं तरी तसंच न फोडता ठेवा. महिनाभर वाट बघून सहाय्यक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा. ग्रॅच्युइटीचा अर्ज आणि कामावरून काढल्याचा अर्ज वेगवेगळे असतात, दोन्ही कुठे द्यायचे ते तिथेच विचारा. जाताना मालकाचं वीजबिल मिळवून न्या. बिल हाती नसलं तरी मीटरवरचा ग्राहक क्रमांक पुरे, मंजूर भार किती ते महावितरणकडून मागवा असं अर्जातच लिहा.

वडिलांसोबत त्याच पाळीत काम केलेले दोघे-तिघे आता दुसऱ्या शेडमध्ये असतील. साक्षीला तेच येऊ शकतील, आत असलेले येणार नाहीत आणि त्यांच्यावर रागावूही नका. त्यांची नावं आणि कोणत्या वर्षी कोणत्या मीटरच्या मागावर होते एवढं लिहून काढलंत की इथेच कळवा. कामगारांची आणि मागांची यादी कशी मांडायची ते मी बसून करून देतो. वह्या लिहिण्याचं काम मला येतं.