परदेशात ‘इस्लामी शिक्षण’ या विषयात एम.ए. करायचे असेल तर बडोद्याहून तयारी कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : बडोद्यातून बी.ए. आणि बी.एड. करून तुम्ही काही वर्षे माध्यमिक शाळेत शिकवत आहात, त्याआधी मुलींच्या जामियातून (उच्च धर्मशिक्षणाच्या मदरशातून) आलिमा, म्हणजे धर्मविद्येच्या पदवीधर, झाला आहात, संध्याकाळी शहराच्या तांदलजा भागातील एका मकतबात (मुलांना कुराण व धर्माचे प्राथमिक धडे देणाऱ्या शाळेत) मुलींचा वर्ग घेता, आणि आता ‘इस्लामी शिक्षण’ या विषयात परदेशात पदव्युत्तर अभ्यास करावा असे तुम्हाला वाटते. कोणता देश निवडावा, अरबी किती यायला हवी, पाच वर्षांच्या मुलीला बरोबर नेता येईल का आणि परत आल्यावर या पदवीला येथे काही किंमत आहे का, हे तुम्ही विचारले आहे. मीही बडोद्याचीच. आमचे घराणे मूळचे रत्नागिरीकडचे, त्यामुळे घरात मराठी, मोहल्ल्यात उर्दू आणि बाजारात गुजराती असेच आम्ही वाढलो. इंग्लंडमधील एका विद्यापीठातून याच विषयात एम.ए. करून मी परतले आणि आता येथे शिक्षक-प्रशिक्षणाचे काम करते.

देशाचा विचार करण्यापूर्वी एक भेद नीट समजून घ्यावा, कारण माझ्याकडे चौकशीला येणाऱ्या मुलामुलींचा गोंधळ बहुधा येथेच होतो. मदीनेचे इस्लामी विद्यापीठ किंवा कैरोचे अल-अझहर येथे तफसीर (कुराणाचे विवरण), हदीस (पैगंबरांची वचने व कृती), फिकह (इस्लामी विधिशास्त्र) ही शास्त्रे मुख्यतः अरबीतून शिकवली जातात आणि तेथे जाणारा विद्यार्थी त्या शास्त्रांचा जाणकार होण्यासाठी जातो. तुम्ही ज्या पदवीबद्दल विचारता आहात ती शिक्षणशास्त्राची आहे. तेथे तफसीर शिकवत नाहीत. तफसीर शिकवणारा वर्गात नेमके काय करतो, समोरचे मूल त्यातून काय घेते, अभ्यासक्रम कोणी आणि कशासाठी ठरवला, मुलाच्या श्रद्धेची घडण कोणत्या वयात कशी होते, या प्रश्नांचा तेथे अभ्यास होतो. तुमचे आलिमापण आणि तुमचे बी.एड. या दोन्हींचा एकाच वेळी उपयोग होईल असे क्षेत्र शोधायचे झाले तर ते हेच आहे, आणि म्हणूनच तुमचा प्रश्न वाचून मला मनापासून आनंद झाला.

या विषयाला स्वतःचा इतिहास आहे आणि अर्ज करण्यापूर्वी तो थोडाफार माहीत असलेला बरा. मध्ययुगीन धर्मविद्वान इमाम ग़ज़ाली यांच्या ‘इह्या’ या ग्रंथाचे पहिले प्रकरणच ज्ञानाविषयी आहे आणि त्यात शिक्षक व विद्यार्थी या दोघांचीही कर्तव्ये सांगितली आहेत. इतिहासकार इब्न खल्दून यांनी १३७७ साली लिहिलेल्या ‘मुकद्दमा’मध्ये मगरिबात (वायव्य आफ्रिकेत) मुलांना केवळ कुराण शिकवले जाते, तर अंदलुसमध्ये (मुस्लिम स्पेनमध्ये) त्याच्या जोडीला कविता, व्याकरण आणि सुलेखनही शिकवले जाते, अशी चक्क तुलना केली आहे, विद्यार्थ्याशी कठोर वागल्यास तो भीतीपोटी खोटे बोलू लागतो, हेही त्यांनी तेथेच लिहून ठेवले आहे. आधुनिक चर्चेची सुरुवात साधारणपणे १९७७ साली मक्केत भरलेल्या पहिल्या जागतिक मुस्लिम शिक्षण परिषदेपासून धरतात. तेथून पुढे सय्यद मुहम्मद नकीब अल-अत्तास यांचा ‘अदब’ (संस्कार व शिस्त) या संकल्पनेवरचा विचार, इस्माईल अल-फारूकी यांची ज्ञानाच्या इस्लामीकरणाची भूमिका आणि फज़लुर रहमान यांची पारंपरिक शिक्षणपद्धतीची चिकित्सा, असे तीन वेगळे प्रवाह तुम्हाला वाचावे लागतील. अलीकडे अब्दुल्ला शाहीन यांच्यासारख्या अभ्यासकांनी प्रत्यक्ष मुस्लिम तरुणांशी बोलून त्यांच्या धार्मिक जडणघडणीचा अभ्यास केला आहे. मला स्वतःला हा शेवटचा मार्ग सर्वांत फलदायी वाटतो, कारण ‘इस्लामी शिक्षण कसे असावे’ यावर विपुल लिहिले गेले आहे, पण ते प्रत्यक्षात कसे चालते हे वर्गात बसून पाहणारे फार थोडे आहेत.

याचे एक उदाहरण देते. लेस्टर शहरात भरूच आणि सुरतकडून गेलेली गुजराती मुस्लिम कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात आणि त्यांची मुले शाळा सुटल्यावर संध्याकाळी मकतबात जातात. माझ्या प्रबंधासाठी मी अशा एका मकतबातील मुलींच्या वर्गात बसत असे. वर्गात पंचवीस मुली, वेळ दीड तास आणि शिकवायला एकच आपा (शिक्षिका). प्रत्येक मुलगी पुढे येऊन आपला सबक (धडा) ऐकवणार म्हटल्यावर एकीच्या वाट्याला जेमतेम साडेतीन मिनिटे येतात, आणि बाहेरचा पाहणारा सहज म्हणेल की उरलेला सव्वा तासाहून अधिक काळ ती नुसती बसून असते. पण जवळ बसून पाहिल्यावर दिसले की ज्या मुलीचा क्रमांक पुढे आहे ती आपल्या आधीच्या मुलीच्या ‘ऐन’ या अरबी अक्षराच्या उच्चाराला आपांनी केलेली दुरुस्ती कान देऊन ऐकते, ओळीखालून बोट फिरवत तो उच्चार ओठांतल्या ओठांत घोकते आणि आपली पाळी आली की तीच चूक टाळते. शिकण्याचा मोठा भाग पाळीची वाट पाहण्यातच होत होता. जीन लेव्ह आणि एटियेन वेंगर यांनी १९९१ साली मांडलेली, कामाच्या कडेला राहून हळूहळू त्यात सहभागी होत शिकण्याची कल्पना मी ग्रंथालयात वाचली होती. तिचा अर्थ मला त्या वर्गात कळला. तुम्ही तांदलजात रोज असाच वर्ग घेता, म्हणजे संशोधनाची सामग्री तुमच्या डोळ्यांसमोर आहे. मुलांवर संशोधन करण्यापूर्वी विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी, पालकांची लेखी संमती आणि मुलाची स्वतःची तयारी, हे तिन्ही आवश्यक असते. त्यात वेळ जातो, म्हणून विषय प्रवेशापूर्वीच निश्चित असणे हिताचे असते.

विषय निवडताना आपल्याकडच्या इतिहासाकडे पाठ फिरवू नका, असा माझा आग्रह आहे. मुल्ला निजामुद्दीन यांचा दर्स-ए-निजामी हा मदरशांचा अभ्यासक्रम, १८६६ चे देवबंद, १८७५ चे अलीगढ, १९२० चे जामिया मिल्लिया ही नावे परदेशातील प्राध्यापकांना माहीत असतात. पण १८१४ मध्ये सुरतेत सुरू झालेली दाऊदी बोहरांची जामिया सैफिया किंवा नवसारीजवळच्या डाभेलचे दारुल उलूम यांच्या अध्यापनाविषयी आपल्याकडचा विद्यार्थी जे सांगू शकतो ते दुसरा कोणी सांगणार नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत प्रयोग करून १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा मकतबात जाणाऱ्या मुलांचे काय झाले, हा प्रश्नच एका प्रबंधाला पुरेल. संस्थानाची दप्तरे राज्य अभिलेखागाराच्या बडोदे कार्यालयात आहेत आणि त्यासाठी लागणारे मराठी व गुजराती तुम्हाला येते. भारतातील मुस्लिमांच्या स्थितीविषयीच्या सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालातील एक आकडाही जवळ ठेवा. शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी सुमारे तीन ते चार टक्केच मुले पूर्ण वेळ मदरशात असतात. बाकीची सर्वसाधारण शाळेत जातात आणि धर्माचे शिक्षण मकतबात किंवा घरी घेतात. म्हणजे आपल्याकडे इस्लामी शिक्षणाचा खरा मोठा वर्ग संध्याकाळचा आहे आणि संशोधन मात्र बहुतेक मदरशांवरच होते.

आता देशांविषयी. इंग्लंडमध्ये वॉरिक विद्यापीठात इस्लामी शिक्षण या नावाचीच एम.ए. पदवी आहे. पूर्ण वेळ अभ्यासक्रम एका वर्षाचा असतो, माध्यम इंग्रजी, आणि अरबी वाचता येणे उपयोगाचे असले तरी प्रवेशाची अट म्हणून ती सहसा नसते; तुमची अरबी तेथे पुरेशी ठरेल. इंग्रजीसाठी आयईएल्टीएस किंवा तत्सम परीक्षा द्यावी लागेल. तेथे अडचण आहे ती मुलीची. जानेवारी २०२४ पासून अध्यापनावर आधारित पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या परदेशी विद्यार्थ्यांना, सरकारी शिष्यवृत्तीवर आलेले सोडले तर, पती, पत्नी वा मुलांना अवलंबित म्हणून नेता येत नाही. अशी शिष्यवृत्ती नसेल आणि एक वर्ष मुलीला आजीकडे ठेवण्याची घरातून तयारीही नसेल तर हा पर्याय आजच बाजूला ठेवावा लागेल, आणि हा निर्णय प्रवेशपत्र हाती आल्यावर घेण्याऐवजी आत्ताच घेतलेला बरा. खर्चात शुल्क व राहण्याखेरीज वर्षाला ७७६ पौंडांचा आरोग्य अधिभार व्हिसाच्या अर्जाबरोबरच भरावा लागतो, क्षयरोगाची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच करावी लागते आणि आवश्यक रक्कम सलग २८ दिवस खात्यात असल्याचे दाखवावे लागते. व्हिसाच्या कामासाठी आपल्याला अहमदाबादचे केंद्र सोयीचे पडते. शिष्यवृत्तीत ब्रिटिश सरकारच्या चीव्हनिंगचा विचार अवश्य करा. तिला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो, तो तुमच्याकडे आहे. शिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहण्याची तिची अटही तुमच्या आड येणार नाही.

इंडोनेशियाकडे आपल्याकडचे विद्यार्थी फारसे पाहत नाहीत, याचे मला वाईट वाटते. जकार्ताजवळ देपोक येथे इंडोनेशियाचे आंतरराष्ट्रीय इस्लामी विद्यापीठ आहे. तेथे २०२१ पासून अध्यापन सुरू झाले, पदव्युत्तर अभ्यासक्रम इंग्रजीतून आहेत, शिक्षणशास्त्राची स्वतंत्र विद्याशाखा आहे आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्याही आहेत. पेसांत्रेन नावाच्या निवासी धार्मिक शाळा आणि सर्वसाधारण शाळा यांचा मेळ त्या देशाने कसा घातला हे जवळून पाहायला मिळणे, हे मदरशाच्या आधुनिकीकरणावर नुसता वाद घालण्यापेक्षा कितीतरी मोलाचे आहे. मलेशियात १९८३ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी विद्यापीठातही शिक्षणाची विद्याशाखा आहे आणि इंग्रजीतून शिकता येते. तुर्कस्तानात धर्मशिक्षण हा विषय इलाहियात (इस्लामी धर्मशास्त्र) विद्याशाखांमध्ये शिकवला जातो. अंकारा विद्यापीठातील अशी विद्याशाखा १९४९ पासून आहे. तेथील सरकारी शिष्यवृत्तीत शुल्क, निवास, मासिक भत्ता आणि एक वर्ष तुर्की भाषेचे शिक्षण मिळते, परंतु एम.ए. साठी अर्जदाराचे वय तिशीच्या आत असावे लागते. तुम्ही वय कळवलेले नाही, तेव्हा ते तपासून पाहा.

कोठेही अर्ज केला तरी तुमची प्रवेशपात्रता बी.ए. वरून ठरेल, आलिमाच्या सनदेवरून नाही. उत्तर प्रदेशच्या मदरसा कायद्याविषयीच्या नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, पण कामिल आणि फाजिल या उच्च पदव्या देण्याचा भाग रद्द केला, कारण पदवी देण्याचा विषय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याच्या कक्षेत येतो. असे असले तरी आलिमाची सनद अर्जासोबत जोडा आणि हेतुपत्रात त्या वर्षांत काय शिकलात ते ग्रंथांच्या नावांनिशी लिहा; या विषयाच्या प्राध्यापकाला त्याचे महत्त्व सांगावे लागत नाही.

परत आल्यानंतरच्या किमतीविषयी स्पष्ट सांगते. ब्रिटनची एक वर्षाची एम.ए. भारतात मान्य व्हावी यासाठी दोन्ही सरकारांत जुलै २०२२ मध्ये करार झाला आहे, त्यामुळे ती जुनी अडचण बरीच दूर झाली आहे. इतर देशांच्या पदवीसाठी समकक्षता प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि निवडलेला अभ्यासक्रम त्यात बसतो की नाही हे शुल्क भरण्यापूर्वी पाहावे. ही पदवी बी.एड. ची जागा घेत नाही, म्हणून तुमचे बी.एड. आधीच झाले आहे ही मोठी जमेची बाजू आहे. महाविद्यालयात शिकवायचे असेल तर साधारणपणे नेट किंवा तत्सम पात्रता परीक्षा द्यावी लागेल, आणि नेटमध्ये ‘शिक्षणशास्त्र’ तसेच ‘अरब संस्कृती व इस्लामी अध्ययन’ असे दोन वेगळे विषय आहेत. ज्या विषयाची नेट द्याल त्या विषयाशी तुमची पदवी जुळते असे गुणपत्रिकेतून दिसले पाहिजे. त्यासाठी निवड करताना संशोधनपद्धती, अभ्यासक्रमरचना, मूल्यमापन असे शिक्षणशास्त्राचे स्पष्ट शीर्षक असलेले विषय घ्या, आणि परतताना प्रत्येक विषयाचा सविस्तर अभ्यासक्रम विद्यापीठाच्या शिक्क्यासह बरोबर आणा. येथे समकक्षतेच्या वेळी तोच मागतात आणि मागाहून परदेशातून मिळवताना महिने जातात.

या आठवड्यात एवढे करा : तुमच्या मकतबातील एक गोष्ट, जी तुम्हाला खटकते किंवा थक्क करते, ती एका पानात इंग्रजीत लिहून काढा. त्यात कुराणाच्या आयती किंवा मोठमोठे सिद्धांत नकोत, फक्त वर्गात काय घडते ते असावे. ते पान येथे खाली मराठीत लिहून टाकले तरी चालेल. कोणत्या प्राध्यापकाला कोणत्या शब्दांत पत्र लिहावे ते त्यावरून मला सांगता येईल.