उंबर फोडून बघ

प्रिय मुली,

लेकीला शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवलंस. दहावीची काळजी आत्ता नको. शाळेत न जाता परीक्षा देण्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची वाट आहे. सात वर्षांच्या पोरीला आज एक झाड दे.

एकच झाड, मात्र वर्षभर. मी माझ्या मुलाकडून पहिल्याच पावसाळ्यात चाळीस झाडांची नावं पाठ करून घेतली होती. नावं त्याने घडाघडा म्हटली, पण जानेवारीत पानं गळालेली काटेसावर समोर उभी असताना त्याला ती ओळखता आली नाही. चूक माझी होती. मी त्याला झाडाजवळ बसूच दिलं नव्हतं.

तुमच्या ओढ्याकाठी उंबर आहे ना, तोच घे. पानांवरच्या पुटकुळ्या तिच्या बोटांना लागू देत. त्या रोगाच्या नव्हेत, बारीक किड्यांनी करून घेतलेली घरं आहेत. मग बुंध्याला लगडलेल्या फळांपैकी लाल होण्याच्या बेतातलं एक तोड. ‘उंबर फोडून केंबरं (आतले बारीक किडे) काढू नयेत’ म्हणतात, तू मात्र खुशाल फोड. आतल्या भिंतीवर दाटीवाटीनं बसलेली फुलं दिसतील. उंबराचं फूल दिसत नाही म्हणतात, ते इथे दडलेलं असतं! थोडं थांबलात तर पंखवाली केंबरं बाहेर येतील. त्या माद्या. त्यांची आई टोकाच्या इवल्या भोकातून आत शिरली तेव्हा तिचे पंख तुटले. तिनं परागकण आणले, अंडी घातली आणि ती आतच मेली. नरांना पंखच नसतात. ते माद्यांसाठी भिंत पोखरून वाट करून देतात. वडाची केंबरं वेगळी, पिंपळाची वेगळी.

हे सगळं तिला आधी सांगू नकोस. तिनं “हे आत आले कुठून?” विचारेपर्यंत थांब. तो प्रश्न यायला कदाचित तीन दिवस लागतील. ते तीन दिवस मला फार मोलाचे वाटतात. आपण मोठी माणसं उत्तर द्यायची फार घाई करतो.

गणितही तिथेच होईल. डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढं अंतर, तेवढीच काठी मुठीच्या वर राहील अशी उभी धरायला सांग. मागे सरकत जायचं. झाडाचा बुडखा मुठीशी आणि शेंडा काठीच्या टोकाशी आला की थांबायचं. तिथून बुंध्यापर्यंत पावलं मोजा, तीच झाडाची उंची. घेर दर महिन्याला एकाच उंचीवर सुतळीनं घ्या. बुंध्यावर खडूची खूण करून ठेव.

चीक डोळ्यात जाऊ देऊ नकोस, हात लगेच धुवा. आणि झाडाखाली बसण्याआधी वर आग्या मोहोळ नाही ना, ते बघ.

पहिलं फळ फोडल्यावर ती काय म्हणाली, ते तिच्याच शब्दांत मला लिहून पाठव.

तुझी,
मावशी